कॉम्प्युटरवरचं सर्किट आणि 190 व्होल्ट

सेकंड इयरला आलं की पहिल्या महिन्यातच कोणीतरी सीनियर पेनड्राइव्हवर एक सॉफ्टवेअर आणून देतो, "हे टाक, यात सगळं होतं" असं म्हणतो आणि निघून जातो. आपण ते उघडतो. बाजूला पार्ट्सची यादी, मधे ठिपक्यांचा पांढरा कागद, वर 'रन'चं बटण. दोन तासांत एलईडी लुकलुकायला लागतो आणि वाटतं, जमलं की! प्रिंट काढून जर्नलमध्ये चिकटवली जाते, सरांची सही होते. प्रश्न एवढाच उरतो की त्या प्रिंटमधून आपल्याला कळलं काय?

मित्रांनो, कुठलं बटण दाबलं की काय होतं हे या लेखात फारसं सापडणार नाही. ते शिकायला एक संध्याकाळ पुरते. मला सांगायचंय ते असं, की सिम्युलेटर आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चोख देतो आणि न विचारलेल्या प्रश्नाबद्दल अवाक्षर काढत नाही. म्हणून 'रन' दाबायच्या आधी कागदावर एक आकडा लिहायचा: उत्तर साधारण किती यायला हवं? हा आकडा ज्याच्याकडे नाही, त्याला स्क्रीनवरचा कुठलाही ग्राफ खराच वाटतो.

आधी सॉफ्टवेअरबद्दल थोडंसं. क्रॅक केलेल्या कॉपीच्या मागे लागायचं आता काहीच कारण नाही. एलटीस्पाइस फुकट मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवरही पळतं. कीकॅड पूर्ण ओपन सोर्स आहे. ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शारास यांनी ते 1992 मध्ये सुरू केलं, आणि त्यात सर्किट काढण्यापासून पीसीबीपर्यंत सगळं होतं. मुंबई आयआयटीच्या फॉसी प्रकल्पातून आलेलं ईसिम हे कीकॅड आणि एनजीस्पाइस एकत्र बांधून बनवलंय. कुठलंही घ्या, पण एकच घ्या. तीन सॉफ्टवेअर अर्धवट येण्यापेक्षा एक नीट आलेलं बरं.

या सगळ्यांच्या पोटात जे इंजिन आहे त्याचं मूळ एकच, स्पाइस. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले कँपसवर रोनाल्ड रोहरर यांच्या वर्गातल्या मुलांनी आधी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याचं नाव चक्क 'कॅन्सर'! नावातल्या शेवटच्या दोन इंग्रजी अक्षरांचा अर्थ 'रेडिएशन सोडून'. त्या काळी अमेरिकेत असे बरेचसे प्रोग्रॅम लष्करी पैशांवर चालत आणि किरणोत्साराचा सर्किटवर काय परिणाम होतो हे त्यांना बघावं लागे. या मुलांनी ते मुद्दाम वगळलं. त्यांच्यातलाच लॉरेन्स नॅगल पुढे डोनाल्ड पीडरसन यांच्या हाताखाली काम करू लागला आणि 1973 मध्ये स्पाइस जाहीर झालं. पीडरसन यांचा आग्रह होता की हे सगळ्यांना खुलं मिळालं पाहिजे. आज आपण फुकट सिम्युलेशन करतो त्यामागे तो आग्रह आहे. म्हणजे आपण जे वापरतो तेसुद्धा मुळात एका वर्गाच्या प्रोजेक्टमधूनच आलेलं आहे.

आता सर्किट काढण्याकडे वळू. सर्किट डायग्राम ही दुसऱ्याने वाचायची गोष्ट आहे. सिग्नल डावीकडून आत येतो, उजवीकडे बाहेर जातो. जास्त व्होल्टेज वर, ग्राउंड खाली. दोन वायर एकमेकींना जोडलेल्या असतील तिथे ठिपका, नुसत्या ओलांडत असतील तर ठिपका नाही. चार वायर एकाच बिंदूत आणू नका. एक जरा सरकवून दोन 'टी' करा, म्हणजे प्रिंटमध्ये ठिपका पुसट आला तरी गोंधळ होत नाही. आमच्या वर्गात काही जण सर्किट असं काढतात की लोकलच्या रुळांचा नकाशा वाटावा! अशा वेळी लांबच लांब वायर ओढण्यापेक्षा दोन्ही टोकांना एकच नाव द्यावं. नाव सारखं म्हणजे वायर जोडलेली, हे सॉफ्टवेअरला समजतं.

आणि ग्रिड बदलू नका. वायरचं टोक पिनला टेकल्यासारखं दिसतं पण टेकलेलं नसतं, हा आजार नवीन मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळतो. कीकॅडमध्ये न जोडलेल्या पिनच्या टोकाला बारीक गोल दिसत राहतो. जोडणी झाली की तो जातो. तेवढं बघायची सवय लावून घ्या.

कारण कॉम्प्युटरला तुमचं चित्र दिसतच नाही. तो चित्रावरून एक यादी बनवतो, तिला नेटलिस्ट म्हणतात. यादीतल्या प्रत्येक ओळीत पार्टचं नाव, तो कोणकोणत्या नोडला जोडलाय ते आकडे आणि त्याची किंमत, एवढंच असतं. माझं ऐका, एकदा तरी ही यादी हाताने लिहा. सर्किट साधं घ्या: 5 व्होल्टचा स्रोत नोड 1 आणि 0 मध्ये, 1 किलोओहमचा रेझिस्टर 1 आणि 2 मध्ये, 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 2 आणि 0 मध्ये. तीन ओळी झाल्या, संपलं सर्किट. शून्य नंबरचा नोड म्हणजे ग्राउंड, आणि तो लागतोच. व्होल्टेज नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजतात, ती 'कशाच्या तरी' जागा दाखवली नाही तर बिचारा सिम्युलेटर मोजणार कुठून? मग तो 'सिंग्युलर मॅट्रिक्स' असा काहीतरी निरोप देतो आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या घालतो.

प्रत्येक नोडवर येणाऱ्या आणि जाणाऱ्या करंटची बेरीज शून्य, हा किरचॉफचा नियम तो सगळ्या नोडसाठी मांडतो. डायोड, ट्रान्झिस्टर आले की समीकरणं वाकडी होतात. मग अंदाज घ्यायचा, चूक बघायची, अंदाज सुधारायचा. गणिताच्या पेपरात ज्या न्यूटन-रॅफसनला आपण 'हे कुठे उपयोगी पडणार' म्हणून नाकं मुरडतो, तीच पद्धत इथे सेकंदाला हजारो वेळा चालू असते. 'कन्व्हर्जन्स'ची एरर येते तेव्हा तो अंदाज जागेवर बसत नाहीये एवढाच तिचा अर्थ.

वरच्या तीन ओळींच्या सर्किटचा आकडा आधी कागदावर काढा. 1 किलोओहम गुणिले 1 मायक्रोफॅरड म्हणजे 1 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात कपॅसिटरवर 5 व्होल्टच्या 63 टक्के, म्हणजे साधारण 3.16 व्होल्ट यायला हवेत. फ्रीक्वेन्सीच्या अंगाने बघितलं तर 159 हर्ट्झला गेन 3 डीबीने खाली. आता स्रोत शून्यावरून 5 वर उडी मारेल असा ठेवा आणि 'रन' करा. आकडे जुळले की मगच पुढे जा. न जुळले तर बहुधा एककात गडबड असते. स्पाइसला लहान-मोठं अक्षर कळत नाही. रेझिस्टरपुढे मेगा म्हणून नुसतं 'एम' लिहिलं तर तो मिलि समजतो. मेगासाठी 'मेग' असं पूर्ण लिहावं लागतं. कपॅसिटरपुढे फॅरड म्हणून 'एफ' लावलंत तर तो 'फेम्टो' होतो! 1 मेगओहमच्या जागी 1 मिलिओहम बसला तरी सिम्युलेटर कुरकुर करत नाही, तो निमूटपणे उत्तर देतो. 

आता ज्या सर्किटमुळे मला हा लेख लिहावासा वाटला ते सांगतो. आमच्या गटाचा प्रोजेक्ट म्हणजे शेतातल्या मोटारीचा कंट्रोलर. गटातला एक जण माण तालुक्यातला, बोर्ड त्याच्याच शेतावर बसवायचा होता. म्हणजे हे 'व्हायव्हा झाली की कपाटात' असं प्रकरण नव्हतं. त्याचे वडील रात्री उठून मोटार बघायला जातात, ती फेरी वाचावी हा हेतू. बोर्डला 5 व्होल्ट हवेत. मायक्रोकंट्रोलर, दोन रिले, डिस्प्ले, वायरलेस मोड्यूल धरून करंट सुमारे अर्धा अँपिअर. सर्किट सगळ्यांना पाठ असलेलं: 9 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 7805. लॅबमध्ये ज्याच्या-त्याच्या बोर्डवर हेच असतं आणि चालतंही.

7805 च्या आत 5 व्होल्टपेक्षा साधारण 2 व्होल्ट जास्त, म्हणजे किमान 7 व्होल्ट कायम असावे लागतात. आमचा प्रश्न म्हणून एवढाच: कपॅसिटरवरचं व्होल्टेज 7 च्या खाली कधी जातं का?

आधी कागद. 9 व्होल्ट हे आरएमएस, त्याचा पीक 12.7. (सिम्युलेटरच्या साइन स्रोताला पीक द्यावा लागतो. तिथे 9 टाकणारे दर वर्षी निघतात.) दोन डायोडचे दीड-पावणेदोन व्होल्ट गेले, उरले 11. ब्रिजनंतर दर 10 मिलिसेकंदांनी नवा पीक येतो. तेवढा वेळ कपॅसिटरने अर्धा अँपिअर पुरवायचा. 0.5 गुणिले 0.01 भागिले 0.001, म्हणजे 5 व्होल्टचा रिपल. 11 वजा 5, उरले 6. कागद म्हणतो, जमणार नाही.

मग सिम्युलेशन. 7805 चं मॉडेल शोधत बसायची गरज नव्हती. हा रेग्युलेटर बाहेर जेवढा करंट देतो जवळपास तेवढाच आत ओढतो, म्हणून त्याच्या जागी सरळ अर्ध्या अँपिअरचा करंट स्रोत लावला. 100 मिलिसेकंद चालवलं. रिपल आला साडेतीन-पावणेचार व्होल्ट, आणि तळ 7 च्या किंचित वर. कागद खोटा ठरला का? नाही. सूत्रात आपण धरतो की कपॅसिटर पूर्ण 10 मिलिसेकंद एकटाच खर्च होतोय. ग्राफमध्ये नीट बघितलं तर पुढच्या पीकच्या अडीच मिलिसेकंद आधीच डायोड चालू होऊन कपॅसिटर भरायला लागतो. खर्चाचा वेळ सातेक मिलिसेकंदच. कागद आणि स्क्रीन यांच्यातला फरक असा शब्दांत सांगता आला की समजायचं, सर्किट कळलं. मला तर हा फरक शोधण्यातच खरी मजा येते.

सूत्रापेक्षा सिम्युलेटर उदार निघाला खरा, पण आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला रोध असतो हे त्याला आम्ही सांगितलंच नव्हतं. स्रोताला 1 ओहम सिरीजमध्ये लावला. कपॅसिटर भरतो तो दोन-अडीच मिलिसेकंदांच्या झटक्यात, अनेक अँपिअरनी, त्यामुळे एवढासा ओहमही जाणवतो. तळ थेट 7 व्होल्टच्या रेघेला येऊन टेकला.

आणि मग माणचा गडी म्हणाला, "आमच्याकडे संध्याकाळी 230 असतात कुठे?" सुट्टीत तो मल्टिमीटर घेऊन गेला होता. आजूबाजूच्या मोटारी चालू झाल्या की शेडमध्ये 190 व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर बिचारा त्याच प्रमाणात कमी देणार: 9 च्या जागी 7.4, पीक साडेदहा. आकडा बदलून 'रन' केलं. कपॅसिटरवरचा तळ 5 व्होल्टच्या आसपास! म्हणजे 7805 मधून सेकंदाला शंभर वेळा साडेतीन-चार व्होल्टचे खड्डे बाहेर येणार आणि मायक्रोकंट्रोलर रिसेट होत राहणार. आणि मोटारीवर लक्ष ठेवायची वेळ नेमकी तीच. लॅबमध्ये मात्र हे कधीच दिसलं नसतं, कारण कॉलेजात 230 असतात.

गटात पहिली सूचना आली ती नेहमीची: कपॅसिटर मोठा लावा. बुधवार पेठेत जाऊन पिशवीभर कपॅसिटर आणण्याआधी ते स्क्रीनवर करून बघितलं. 2200 ला तळ 6 च्या जवळ. 4700, 10000 करत गेलो तर रिपल नाहीसा होत गेला, पण व्होल्टेज 7 च्या पलीकडे काही सरकेना. बरोबरच आहे. कपॅसिटर खड्डे भरतो, उंची वाढवत नाही. 190 व्होल्टला, 1 ओहम गुंडाळीतून, अर्धा अँपिअर ओढताना त्या ट्रान्सफॉर्मरची सरासरीच तेवढी आहे. हे उत्तर फुकटात मिळालं आणि पुण्याची एक फेरी वाचली.

दुसरी सूचना, 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. 190 ला तो छान पुरतो. पण 230 असताना काय? रेग्युलेटरच्या आत सरासरी साडेबारा व्होल्ट, बाहेर 5, मधले साडेसात गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे पावणेचार वॅट उष्णता. हीटसिंक नसेल तर त्या पॅकेजचं तापमान दर वॅटला 50 ते 65 अंश वाढतं. गुणाकार तुम्हीच करा! 7805 स्वतःला बंद करून घेईल. सिम्युलेटरमधला करंट स्रोत मात्र थंडच असतो, तो कधी तापत नाही. उष्णतेचा प्रश्न आपणच विचारावा लागतो. एलटीस्पाइसमध्ये 'ऑल्ट' दाबून पार्टवर क्लिक केलं की त्यातली पॉवर दिसते, आणि ग्राफच्या नावावर 'कंट्रोल' दाबून क्लिक केलं की सरासरी मिळते. ही दोन क्लिक माझ्या मते सगळ्या मेनूंपेक्षा मोलाची आहेत.

शेवटी ठरलं ते असं: ट्रान्सफॉर्मर 9 व्होल्टचाच, कपॅसिटर 2200, आणि 7805 च्या जागी एलएम2940. हा कमी ड्रॉपचा रेग्युलेटर, आत साडेपाच-पावणेसहा व्होल्ट मिळाले तरी 5 देतो. आमचा तळ 6. फार ऐसपैस नाही, पण पुरतं. त्याच्या डेटाशीटमध्ये एक अट आहे, आउटपुटला किमान 22 मायक्रोफॅरड लावलेच पाहिजेत, नाहीतर तो ऑसिलेट होतो. हीसुद्धा करंट स्रोताच्या सिम्युलेशनमध्ये न दिसणारी गोष्ट. डेटाशीट वाचण्याला अजून तरी पर्याय निघालेला नाही. छोटा हीटसिंक लागलाच, कारण 230 ला दोन वॅटच्या आसपास उष्णता त्यातही होते.

याच ब्रिजच्या निमित्ताने एक प्रयोग जरूर करा, तो खऱ्या लॅबमध्ये महागात पडतो. ब्रिजच्या निगेटिव्हला ग्राउंड आहेच. आता ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकालाही ग्राउंड लावा आणि एका डायोडचा करंट बघा. सिरीजचा ओहम काढलेला असेल तर सिम्युलेटर वाट्टेल तेवढे अँपिअर दाखवतो, किंवा आकडे जुळत नाहीत म्हणून थांबतो. कारण एका अर्ध्या सायकलमध्ये स्रोत एकाच डायोडमधून शॉर्ट होतो. हाच प्रकार लॅबमध्ये 'इनपुट आणि आउटपुट एकदम बघू' म्हणून सीआरओचे दोन्ही प्रोब लावताना होतो. दोन्ही चॅनेलचे ग्राउंड क्लिप आतून एकच असतात. एक क्लिप ट्रान्सफॉर्मरला, दुसरी आउटपुटच्या निगेटिव्हला, की डायोडचा धूर! स्क्रीनवर धूर निघत नाही, म्हणून तिथेच करून घ्यावं.

उलट काही गोष्टी खऱ्या बोर्डवर बिनतक्रार चालतात आणि सिम्युलेटरवर अडतात. दोन ट्रान्झिस्टरचा एस्टेबल मल्टिव्हायब्रेटर काढून बघा, एलईडी आळीपाळीने लुकलुकवणारा. स्क्रीनवर दोन्ही बाजू सरळ रेषेत शांत. मुलं वायर तपासत बसतात. वायर बरोबर असतात. स्क्रीनवरचे दोन ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे असतात, मग आधी कोण चालू होणार? लखनवी नवाबांसारखं 'पहले आप' चालू राहतं. दुकानातून आणलेले दोन बीसी547 कधीच सारखे नसतात, शिवाय नॉइज असतो, त्यामुळे तिथे भांडण आपोआप सुरू होतं. सिम्युलेटरमध्ये एका कपॅसिटरला सुरुवातीचं व्होल्टेज देऊन ते लावून द्यावं लागतं.

अँप्लिफायरचंही एक ध्यानात ठेवा. एसी अनॅलिसिसमध्ये 1 व्होल्ट देऊन 100 गेनच्या सर्किटमधून 100 व्होल्ट बाहेर आलेले दिसतात, आणि सप्लाय मात्र 12 चा! तिथे सर्किट सरळ रेषेचं मानून हिशोब केलेला असतो, क्लिपिंग त्यात येतच नाही. वेव्हफॉर्म कापला जातो का हे ट्रान्झियंटमध्येच कळतं.

सिम्युलेशन मनासारखं झालं की पीसीबी. इथे प्रत्येक चिन्हाला खऱ्या पार्टचा ठसा, म्हणजे फूटप्रिंट, जोडायचा असतो, आणि सिम्युलेशन त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. चपटी बाजू आपल्याकडे धरली तर बीसी547 चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि 2एन3904 चे बरोबर उलटे. चिन्ह दोघांचंही सारखंच. म्हणून बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायच्या आधी लेआउट साध्या कागदावर मूळ आकारात छापा, कागद थर्माकोलवर ठेवा आणि आणलेले सगळे पार्ट त्यात खोचून बघा. रिलेचे पाय, ट्रान्सफॉर्मरची भोकं, कपॅसिटरचा घेर, सगळं तिथेच कळतं. फक्त छापताना प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'फिट टू पेज' बंद करून 100 टक्के ठेवा, नाहीतर आयसीचे पहिले दोन पाय बसतात आणि आठवा भोकाबाहेर जातो.